इथे उजेडात बस

आमच्या नेरूळच्या सोसायटीत मुलांसाठी नवा झोपाळा लागला, तेव्हा त्यावर सगळ्यात आधी बसले ते पन्नाशीचे परुळेकर. ऑफिसच्या कपड्यांत, मांडीवर डबा घेऊन त्यांनी चांगली दहा मिनिटं झोके घेतले. पोरं रांगेत ताटकळली होती. मग ते उतरले, साखळीला एक हिसका दिला आणि म्हणाले, "जा आता. टेन्शन नाही."

"आधी मी" हे त्यांचं पालुपद. जवळच्या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या एका केमिकल कंपनीत ते सेफ्टी ऑफिसर होते, पण खरी ड्यूटी घरी. मेघाच्या, म्हणजे त्यांच्या एकुलत्या एका मुलीच्या ताटातला मासा काट्यांसाठी आधी ते चाचपणार. तिने स्कूटी घेतली, तर पहिले आठ दिवस ती स्कूटी हेच चालवत होते, गुडघे बाहेर काढून. मेघाची आई सुनंदा, मेघा लहान असतानाच गेली, एवढंच आम्हा शेजाऱ्यांना ठाऊक होतं. त्याबद्दल ते कधी बोलत नसत.

मेघाला पहिलीपासून चष्मा. नोकरीला लागली तेव्हा नंबर उणे आठवर येऊन थांबला होता. एक दिवस तिने जाहीर केलं, "बाबा, मला लेझर करून घ्यायचंय. सकाळी उठून चष्मा चाचपडायचा कंटाळा आलाय."

तेव्हा लेझर नवीनच होतं. परुळेकरांनी भेटेल त्याला विचारायला सुरुवात केली. वाण्याला विचारलं, मासळीवालीला विचारलं. ती म्हणाली, "डोला हाय तो, काका. उगा कशाला हात लावताव?" हे मत त्यांना फार पटलं. तरी मेघा हटेना, म्हणून ते वाशीच्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे निघाले. जोडीला मला घेतलं.

"नंबर काय तुमचा?" डॉक्टरांनी विचारलं.

"मला नंबर नाही. वाचायला लागतो तेवढाच. मुलीचं करायचंय. पण आधी माझा एक डोळा करून बघा."

"अहो, चांगल्या डोळ्याचं काय करू?"

"थोडंसंच करा. डावा घ्या, डावा मला तसा कमी लागतो."

डॉक्टर हसले, पण माणूस भला होता. परुळेकरांनी आणलेले मेघाच्या तपासणीचे कागद बघून त्यांनी सगळं नीट समजावलं. मेघाचा नंबर दोन वर्षं स्थिर आहे, बुबुळाची जाडी पुरेशी आहे. डोळे काही महिने कोरडे वाटतील, रात्री दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात, थोडा नंबर राहूही शकतो. "हे चालणार असेल तरच करा. चष्मा हा काही आजार नाही. घाई नाही."

परुळेकर मान डोलावत होते. शेवटी धीर द्यायला म्हणून डॉक्टर म्हणाले, "तसं छोटंसंच आहे हो. संध्याकाळी पोरगी घरी."

परुळेकर ताडकन उठले आणि बाहेर गेले.

मी मागोमाग गेलो. ते दवाखान्याच्या पायरीवर बसले होते.

"सुनंदाच्या वेळीही हेच म्हणाले होते, सावंत," ते म्हणाले. "छोटंसं ऑपरेशन, संध्याकाळी घरी. निघताना ती म्हणाली, डाळ भिजत घातलीय, आल्यावर वाटते. नंतर घरात माणसंच माणसं. डाळीकडे कोण बघतंय? वास सुटला, तेव्हा मी पातेलं उघडलं. फेसाळली होती."

मी त्यांच्या शेजारी बसलो.

त्या रात्री त्यांनी मेघाला डॉक्टरांचं सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाबा, डोळे माझे आहेत. इथे तुम्हाला माझ्याआधी जाता येणार नाही." त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून विचारलं, "सुट्टी कधी टाकू?"

ऑपरेशन दादरला झालं, लेझरचं मशीन तिथे होतं. परुळेकर बाकावर बसायला तयारच नव्हते. मेघा काळा चष्मा लावून बाहेर आली आणि "झालंसुद्धा" म्हणाली, तेव्हा कुठे ते बसले.

आठवड्याने मी त्यांच्याकडे गेलो. दार मेघाने उघडलं, चष्म्याशिवाय. भिंतीवरचं कॅलेंडर तिने मला लांबून वाचून दाखवलं. परुळेकर मात्र पेपरात तोंड घालून बसलेले. ती बोलली की पेपर आणखी वर जायचा. चहा टाकायला ती आत गेली, तसे ते मला गॅलरीत घेऊन गेले.

"काय झालं? त्रास होतोय का तिला?"

"नाही हो. उत्तम आहे. जाड भिंगांमागे तिचे डोळे बारीकच दिसायचे. चष्मा काढायची ती झोपताना, तेव्हा मिटलेले. सकाळी मिचमिचे. अठरा वर्षं, सावंत, मला पत्ताच नाही."

"कसला?"

"सुनंदाचे आहेत. हुबेहूब. परवा काळा चष्मा काढून तिने माझ्याकडे बघितलं, आणि..."

तेवढ्यात मेघा चहाचे कप घेऊन आली. या वेळी परुळेकरांनी मान फिरवली नाही.

"बाबा, असं काय बघताय?"

"काही नाही," त्यांनी खुर्ची ओढून गॅलरीच्या कठड्याजवळ ठेवली. "बस जरा. इथे उजेडात बस."