डाव्या बाजूचं पाणी

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी बाकावरून पाय खाली टाकला, तो चपलेऐवजी पाण्यात पडला. चपला समोर स्वयंपाकाच्या ओट्याशी जाऊन तरंगत होत्या.

"अगं, माझ्या चपला तिकडे कशा गेल्या?"

"पोहत," बायको म्हणाली. ती समोरच्या बाकावर पाय वर घेऊन बसली होती आणि शांतपणे चहा पीत होती. "महिनाभर बघतेय मी. रोज माझ्या आधी उठता, तळाची फळी उचकटता, खाली स्पंज फिरवता आणि मला सांगता, व्यायाम करतोय म्हणून. आज झोप लागली वाटतं?"

डॉक्टरांची चोरी पकडली गेली. हे डॉक्टर दातांचे. चौतीस वर्षं लोकांच्या तोंडात डोकावून झाल्यावर त्यांनी दवाखाना बंद केला आणि घरात कुणालाही न विचारता ही जुनी केबिनची बोट विकत घेतली. बंदराच्या लाकडी धक्क्याला ती बांधलेली असे. आत दोन बाजूंना दोन बाक, एक ओटा, एक टेबल, कोपऱ्यात इवलीशी न्हाणी आणि उठताना हमखास डोकं आपटेल असं छप्पर. आठवड्यातले बरेचसे दिवस नवराबायको तिथेच राहत. बायकोने तितकीच वर्षं दवाखान्याच्या बाहेरच्या टेबलावर बसून पळू पाहणाऱ्या पेशंटांना आत पाठवलं होतं. त्यामुळे पाण्याबिण्याला ती घाबरणारी नव्हती. तिची काळजी वेगळीच होती.

"रविवारी व्याही येणार आहेत," ती म्हणाली.

डॉक्टरांनी पाण्यातला पाय वर ओढून घेतला. मुलीचे सासरे म्हणजे साधे गृहस्थ नव्हेत. मोठमोठ्या मालवाहू जहाजांच्या इंजिनखोलीत त्यांनी तीस वर्षं काढली होती. गेल्या महिन्यात मुलीकडे जेवताना डॉक्टरांना जोर चढला होता. "आमची बोट आतून एकदम खडखडीत कोरडी," असं ते बोलून गेले. व्याह्यांनी घास खाली ठेवला, चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाले, "तीस वर्षांत आतून कोरडी बोट मी एकही पाहिली नाही. एकदा बघायलाच येतो." आणि त्यांनी जेवता जेवता तारीखही ठरवून टाकली.

"रविवारपर्यंत या बोटीचं मूळ दुखणं शोधतो," डॉक्टर बाह्या सरसावत म्हणाले. "निदान महत्त्वाचं. पहिला प्रश्न, पाणी आलं कुठून? समुद्रातून की वरून?"

"ते कसं कळणार?"

डॉक्टरांनी पाण्यात बोट बुडवलं आणि जिभेवर टेकवलं. बायकोने तोंड फिरवलं.

"खारट नाही!" डॉक्टर आनंदाने म्हणाले. "थोडी डिझेलची चव आहे, थोडी साबणाची. पण खारट नाही. म्हणजे तळ शाबूत आहे. पाणी एकतर आपल्या टाकीतून गळतंय, नाहीतर पावसाचं आहे."

टाकीचा निकाल लावायला त्यांनी साधी युक्ती केली. पिण्याच्या टाकीत केकमध्ये घालायचा हिरवा रंग ओतला आणि फळीखाली हिरवं पाणी येतंय का ते पाहत पालथे पडून राहिले. दोन तास झाले तरी खालचं पाणी मळकट ते मळकटच. टाकी निर्दोष सुटली. डॉक्टर ही बातमी सांगायला उठले, डोकं आपटून घेतलं आणि वळून पाहतात तो बायको न्हाणीच्या दारात केस पुसत उभी. तिचे पांढरेशुभ्र केस कोवळ्या गवतासारखे हिरवे झाले होते.

"टाकीत काय घातलंत?"

"तुला सांगणारच होतो."

"कधी?"

त्यानंतर तीन वेळा केस धुवून झाले, तेही धक्क्यावरच्या नळाखाली. पण रंग जातीचा पक्का निघाला.

बुधवारी पावसाचा तपास सुरू झाला. बायको धक्क्यावर पाण्याचा पाइप घेऊन उभी राहिली. आत डॉक्टर बॅटरी घेऊन बाकाखाली घुसले. हिरवे केस पाहून येणारेजाणारे थबकत होते, तशी ती पाइपाचा जोर वाढवत होती.

"आलं का?"

"नाही!"

"आता?"

"नाही! जरा पुढे घे!"

"आता?"

"आलं! आलं! अगं बंद कर, नाकात आलं!"

डाव्या बाजूच्या खिडकीच्या चौकटीत एक स्क्रू गंजून ढिला झाला होता. पावसाचं पाणी त्या भोकातून आत शिरत होतं आणि आतल्या भिंतीमागून खाली झिरपत होतं. डॉक्टरांनी तो स्क्रू काढला, भोक कोरून साफ केलं, वाळवलं आणि गळती बंद करायचा मसाला असा काही सफाईने भरला, की शेवटी सवयीने त्यांच्या तोंडून निघून गेलं, "दोन तास काही खाऊ नका."

गुरुवारी सकाळी ऊन लख्ख पडलं होतं आणि फळीखाली पुन्हा बादलीभर पाणी होतं.

आता मात्र डॉक्टरांनी बोटी दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. मिस्त्री आला, बायकोच्या केसांकडे दोनदा वळून बघत आत शिरला, आणि पान्ह्याच्या मुठीने बोटीच्या आतल्या भिंतीवर ठोकत पुढे सरकू लागला. टण. टण. टण. डाव्या बाकाखाली पोचल्यावर आवाज आला, थप्प.

"डॉक्टरसाहेब, ही बोट दोन थरांची आहे. बाहेर जाड कवच, आत पातळ भिंत, मध्ये पोकळी. त्या पोकळीत पाणी साठलंय. खिडकीतून गेलेलं. तिथून थोडं थोडं फळीखाली गळतंय."

"कधीपासून साठलं असेल?"

"दहाबारा वर्षं तरी."

"किती असेल?"

"ते काढल्यावर कळेल," मिस्त्री म्हणाला. "आतल्या भिंतीला खाली एक भोक पाडायचं, सगळं निघून जाईल. पुढच्या बुधवारी येतो मी."

"पुढच्या बुधवारी? माझे व्याही रविवारी येतायत!"

"त्यांना बुधवारी बोलवा."

ते काही शक्य नव्हतं. मिस्त्री जाताना एवढंच बजावून गेला, की घाई करून कुणी हात लावू नका. आतली भिंत सोडून बाहेरचं कवच लागलं तर समुद्र थेट घरात येईल. तो दिसेनासा होईपर्यंत डॉक्टर थांबले आणि मग त्यांनी ड्रिल बाहेर काढलं.

"अहो, तो नको म्हणाला ना!"

"चौतीस वर्षं मी दुसरं काय केलंय? आणि तिथे तर जबडा हलायचा. ही निदान गप्प बसते."

त्यांनी ड्रिलच्या टोकाला नेमक्या खोलीवर लाल चिकटपट्टी गुंडाळली, पट्टीच्या पुढे एक केसभरही जायचं नाही म्हणून. मग बाकाखाली आडवे झाले, बायकोने बॅटरी धरली, आणि ड्रिल लावण्याआधी डॉक्टर बोटीला हळूच म्हणाले, "दुखलं तर हात वर करा."

भिंत भेदली गेली आणि पाण्याची चिळकांडी सरळ त्यांच्या छातीवर आली. तपकिरी, कुजकट वासाची, बर्फासारखी गार. बायकोच्या हातातली बॅटरी पडली.

"अहो, समुद्र लागला! समुद्र लागला!"

"थांब! चव!" डॉक्टरांनी ओंजळ भरली, डोळे मिटले आणि घोट घेतला. त्यांचा चेहरा इतका वाकडा झाला, की बायकोने गळ्यात अडकवायचं तरंगतं जाकीटच उचललं. पण ते ओरडले, "नाही खारट! काय वाटेल ते आहे, पण खारट नाही!"

मग उपसा सुरू झाला. पंप लावला, तो दहा मिनिटांत गाळाने तुंबला. बादल्या आणल्या. एक भरायची, दुसरी ओतायची. शुक्रवार त्यातच गेला. शनिवारी दुपारी धार बारीक झाली, मग थेंब, मग तेही थांबले. बायको दाराच्या चौकटीवर खडूने रेघा मारत होती. दहा दहा लिटरच्या एकवीस बादल्या झाल्या होत्या. डॉक्टरांनी सगळा तळ स्पंजने टिपला, मग फडक्याने, मग बायकोच्या केस वाळवायच्या यंत्राने. फळीखाली हात फिरवला तर हाताला धूळ लागली.

"धूळ!" त्यांचा आवाज भरून आला. "अगं, धूळ आहे!"

त्या आनंदात दोघं चहाला बसली. डॉक्टरांनी कप टेबलावर ठेवला. कप उजवीकडे निघाला. त्यांनी तो परत जागेवर आणला. कप पुन्हा निघाला. तेवढ्यात ओट्यावरचा चमचा घरंगळला आणि कपाटाचं दार आपोआप उघडलं. दोघं धक्क्यावर जाऊन उभी राहिली आणि लांबून पाहू लागली. बोट उजव्या अंगाला कलली होती. भिंतीला टेकून ऐकणाऱ्या माणसासारखी.

डॉक्टरांनी मिस्त्रीला फोन केला.

"भोक पाडलंत ना?" मिस्त्री म्हणाला. "वाटलंच होतं. अहो, उजवीकडे तुमची टाकी, बॅटऱ्या, ओटा, सगळं जड सामान. इतकी वर्षं डावीकडचं ते पाणी त्याला तोलून होतं. ते तुम्ही काढलंत, मग ती कलणारच."

"मग आता काय करू?"

"डावीकडे दोनशे किलो ठेवा," मिस्त्री म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

नांगराची साखळी डावीकडे आली. हत्यारांची पेटी, डबे, पुस्तकं, बायकोची इस्त्री, डॉक्टरांनी आठवण म्हणून आणलेले प्लास्टरचे जबडे, जे जे उचलता आलं ते सगळं डाव्या बाकाखाली कोंबलं. बोट निम्मी सरळ झाली आणि तिथेच अडून बसली.

"अजून शंभर तरी हवेत," डॉक्टर घाम पुसत म्हणाले. "कुठून आणायचे? सकाळी अकराला ते दारात उभे राहतील आणि बघताक्षणी ओळखतील."

बायकोने रिकाम्या डाव्या बाकाकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "व्याह्यांचं वजन किती असेल हो?"

रविवारी अकराला व्याही आले. माणूस भरभक्कम, पोट पुढे, आवाज खोल. मागून विहीणबाई, काडीसारख्या. धक्क्यावर स्वागताला उभ्या असलेल्या डॉक्टरांच्या बायकोला पाहून त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "किती धीट रंग घेतलात! मला कधी जमेल का असं?" बायको गोड हसली. डॉक्टर मात्र मधे उभे राहून बोटीची कललेली बाजू पाठीने झाकत होते.

"या, या! व्याही, तुम्ही इथे, डाव्या बाकावर. मानाची जागा आहे."

व्याही बसले, आणि बोट हळूच उचलली जाऊन सरळ झाली. डॉक्टरांच्या जिवात जीव आला. त्यांनी इंजिन सुरू केलं आणि बोट बंदरातल्या संथ पाण्यात निघाली.

पण व्याही बसून राहायला आले नव्हते. "जरा इंजिन बघतो," म्हणून ते उठू लागले.

"आधी खाऊन घ्या ना!" बायकोने त्यांच्या मांडीवर ताटली ठेवली.

ताटली संपली. "हात धुतो."

"इथेच आणते पाणी!"

"पाणी कशाला, मी..."

"छे छे, तुम्ही उठायचं नाही! पहिल्यांदा आलायत आमच्याकडे."

असा मान व्याह्यांना कुणी आजवर दिला नव्हता. ते थोडे संकोचले, थोडे फुलले. उशा आल्या, चहा आला, परत चहा आला. पण तीस वर्षांची सवय गप्प कशी बसणार? त्यांनी बसल्या जागेवरूनच पुढची फळी उचलली, आत हात घातला, बोटं उजेडात धरून पाहिली. डॉक्टर सुकाणू धरून मागे वळूनही पाहत नव्हते. त्यांचे कान तेवढे मागे लागले होते.

"डॉक्टर," व्याही म्हणाले. "कोरडी आहे. मान्य."

डॉक्टरांचा ऊर भरून आला. व्याह्यांचाही. ते मोठ्या मनाने उठले आणि हात मिळवायला सुकाणूपाशी गेले, उजव्या बाजूने.

कप टेबलावरून निघाले. विहीणबाईंची पर्स निघाली. पर्स धरायला विहीणबाई निघाल्या. कपाटाचं दार धाडकन उघडलं. व्याही जागच्या जागी थबकले. मग त्यांनी दोन पावलं डावीकडे टाकली. बोट सरळ झाली. दोन पावलं उजवीकडे. कलली. परत डावीकडे. सरळ.

"डॉक्टर," व्याही सावकाश म्हणाले, "किती लिटर काढलंत?"

"दोनशे दहा," डॉक्टरांनी मान खाली घातली आणि चपलांपासून चिकटपट्टीपर्यंत सगळं सांगून टाकलं. चवसुद्धा लपवली नाही.

व्याही येऊन मानाच्या जागेवर बसले. त्यांचे खांदे हलू लागले, मग पोट, मग बोट. रागाने नव्हे, ते हसत होते.

"तीस वर्षं, डॉक्टर! तीस वर्षं जहाजाच्या दोन्ही बाजूंच्या टाक्यांत पाणी कमीजास्त करून मी जहाज सरळ ठेवायचो. तेच माझं काम. आणि आज तुम्ही मलाच टाकी केलंत!"

"माफ करा. उद्याच वाळूची पोती आणून टाकतो."

"वाळू?" व्याह्यांना हे आवडलं नाही. त्यांनी पाठीमागची उशी नीट केली, खिडकीतून पाणी न्याहाळलं. "वाळूशी काय गप्पा मारणार तुम्ही? घरी मी बसलो की ही म्हणते, उठा, केर काढायचाय. उठलो की म्हणते, मधे उभे राहू नका. इथे उठलो तर तिघांना काळजी वाटते. मी दर रविवारी येत जाईन."

डॉक्टरांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने मान डोलावली.

"बरंच झालं की," विहीणबाई पर्स छातीशी धरून म्हणाल्या. "तेवढीच मोकळी हवा लागेल यांना. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी परवाच बजावलंय, सहा महिन्यांत वीस किलो वजन उतरलंच पाहिजे."

"इतक्यात नको!" नवराबायको एका सुरात ओरडली, आणि बायकोने चटकन व्याह्यांच्या ताटलीत केकचा दुसरा तुकडा वाढला.