पाइपला घातलेली कानटोपी

नळ, पाइप आणि व्हॉल्व्ह या विषयांत मला शिकवणारा अजून जन्माला यायचाय! पुण्याच्या पाणीपुरवठ्यात माझी हयात गेली. पाइपला नुसता कान लावला की कुठल्या मजल्यावर कोण आंघोळीला बसलंय आणि पाणी गरम आहे की गार, हे मी सांगायचो. खोटं वाटत असेल तर आमच्या लताबाईंना विचारा. नको, त्यांना नका विचारू.

म्हणून टाउपोहून ऑकलंडला निघताना आमचे जावई विराज चाचरत म्हणाले, "बाबा, आज रात्री मायनस सिक्स सांगितलंय. बाहेरचा पाण्याचा पाइप तेवढा गुंडाळाल ना?" तेव्हा मी मिशीत हसलो.

"हसू नका बाबा! गेल्या हिवाळ्यात तो गोठून फुटला होता. उद्या सकाळी घरमालकीण इन्स्पेक्शनला येतेय. पाइप फुटलेला दिसला, नाहीतर नुसता उघडा जरी दिसला, तरी घर खाली करा म्हणालीय."

माझं हसू मिशीतच गोठलं. आमच्या लेकीला, अक्षताला, सातवा महिना. तिथल्या माउंट रॉस्किल भागातल्या मैत्रिणींनी तिचं डोहाळजेवण ठरवलं होतं, म्हणून तर दोघं निघाली होती. अशा दिवसांत पोरीने घर शोधत वणवण करायची? आणि ती घरमालकीण, मिसेस प्रिचर्ड! ती अंगणात आली की गुलाबसुद्धा काटे आत ओढून घेतात. खरं तर माझी बायको लताही डोहाळजेवणाला जायची होती, पण मला आणि पाइपला एकटं सोडायचा तिला धीर झाला नाही.

गाडी वळली आणि मी कामाला लागलो. आता पाणी येतं कुठून? वरून! गच्चीवर टाकी, टाकीतून भिंतीवर पाइप, पाइपातून मोरीत. जगाची रीतच आहे ती. घराला फेरी मारली, तर छपराच्या कोपऱ्यातून एक पांढरा पाइप भिंतीला धरून थेट खाली उतरलेला. मनगटापेक्षाही जाड!

"सापडलास लेका!" मी म्हणालो.

त्याला माझी गोधडी गुंडाळली. वरून दोन स्वेटर, मफलर. माझ्या डोक्याच्या उंचीवर पाइपला एक सांधा होता. तिथे माझी तपकिरी कानटोपी मागून उसवून बसवली आणि हनुवटीखालचं बटण लावून टाकलं. त्याच्या वर हात पोचेना. म्हटलं, डोकं झाकलं की माणूस वाचतो, मग पाइप का नाही वाचणार?

पाच वाजताच अंधारून आलं. मी हीटरला पाय लावून बसलो होतो. तेवढ्यात भिंतीवर लाल उजेड फिरायला लागला. पडदा बोटभर सरकवून पाहिलं, तर अंगणात अ‍ॅम्ब्युलन्स! शेजारची जॉयस हुंदके देत होती.

"इट्स बॅनू!" म्हणजे मी, भानुदास. "रोज हीच टोपी घालून कोपऱ्यावरच्या दुकानात पेपर आणायला जायचा. किती भला होता! मघापासून भिंतीकडे तोंड करून उभाय, हाका मारल्या तरी ओ देत नाही!"

अ‍ॅम्ब्युलन्समधला दाढीवाला पुढे झाला. "सर? कॅन यू हिअर मी, सर?"

सर गप्प.

त्याने गोधडीत हात घातला आणि बरोबरच्या मुलीला म्हणाला, "थंडगार. एकदम ताठ झालाय."

मी कसाबसा स्वयंपाकघरात पोचलो.

"अगं लता, मी गेलो!"

"कुठे?"

"गेलो म्हणजे वारलो! बाहेर जॉयस रडतेय!"

"मग चहा एकच कप टाकू का?"

हसताय? तुमच्या स्वतःच्या मयताला लोक जमलेले तुम्ही पडद्याआडून पाहिलेत का कधी? मी मनगट धरलं, नाडी लागेना! गळ्याला हात लावला, तिथेही सामसूम! बोटं इतकी बधिर झाली होती की दुसऱ्या कुणाची असती तरी सापडली नसती, पण हे त्या वेळी कुठलं सुचायला! नातवाचं तोंड न बघताच निघालो, असं वाटून डोळे भरून आले.

"अहो, आधी बाहेर जाऊन तोंड दाखवा त्यांना!" असं म्हणत हिने मला दाराबाहेर ढकललं.

मी पांढरी शाल घेऊन पायरीवर उभा राहिलो आणि नम्रपणे म्हणालो, "गुड इव्हनिंग."

जॉयसने अशी किंकाळी फोडली की टाउपोच्या तळ्यातले काळे हंस उडाले ते थेट ऑस्ट्रेलियात उतरले! ती दाढीवाल्याला बिलगली, दाढीवाला मयताला बिलगला, आणि गोधडी, स्वेटर, मफलर सगळं सुटून खाली आलं. उरला कानटोपी घातलेला पांढरा पाइप.

दाढीवाल्याने पाइपवर बोटाने टकटक केलं.

"मेट," त्याने विचारलं, "पावसाच्या पाण्याच्या पाइपला टोपी का घातलीस?"

"पावसाच्या? मग टाकीचा पाइप कुठाय?"

"कसली टाकी?"

इथे छपरावर टाकीच नसते! पाणी म्हणे रस्त्याखालून येतं. जॉयसने बॅटरी घेतली आणि आम्हाला गॅरेजमागे नेलं. तिथे माझ्या करंगळीएवढा तांब्याचा पाइप, सगळा उघडा, अंगावर पांढरी बुरशी यावी तसं दव गोठलेलं. एवढ्यात तो टक्‌ करून वाजला. माझ्या काळजातही टक्‌ झालं!

मग काय धावपळ! मी गोधडी आणली, हिने स्वतःची लोकरीची शाल दिली, जॉयसने गरम पाण्याची पिशवी आणली. त्या मुलीने सगळ्यावरून बँडेज आवळलं. जाताना दाढीवाला पाइपला म्हणाला, "टेक केअर, बॅनू."

रात्रभर मी अंथरुणात कान टवकारून होतो. प्रत्येक टक्‌ला मला अक्षता दिसे, हातात बोचकी, मागे विराज गादी उचलून!

उजाडताच स्वयंपाकघरातला नळ सोडला. खळखळ पाणी! मी आनंदाने हिला हाक मारली. ही घरात नव्हती.

ती गॅरेजमागे होती. शाल खांद्यावर, गोधडी काखेत, बँडेजचं भेंडोळं हातात. आणि पाइप? पार उघडा!

"अगं, हे काय केलंस?"

"ती बाई येणार आणि भिंतीला आपली ठिगळाची गोधडी? घरची लक्तरं वेशीवर टांगायची हौस तुम्हाला असेल, मला नाही!"

"उघडा दिसला तर घर जाईल गं!"

तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. मिसेस प्रिचर्ड! बँडेज बांधायला वेळच नव्हता. मी डोक्यावरची उसवलेली कानटोपी नाकापर्यंत ओढली, पाइपला मिठी मारली, गोधडी दोघांवरून घेतली आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. तांब्याचा गारठा छातीतून पाठीला गेला. श्वास रोखला. बुटांचे आवाज जवळ आले.

"हे कोण?"

मी संपलो! पोरीचं घर गेलं!

कुंपणावरून जॉयसचा आवाज आला. "घाबरू नका, मिसेस प्रिचर्ड! मीही काल फसले, अ‍ॅम्ब्युलन्स बोलावून बसले. माणसासारखा दिसतो, पण पाइप आहे तो!"

बाईंनी माझ्या पाठीवर दोन थापा मारल्या. मी कण्हलो नाही. "एवढा जाड गुंडाळलेला मी टाउपोत दुसरा पाहिला नाही," त्या खुशीत म्हणाल्या. "गुड अ‍ॅज गोल्ड! घराची काळजी करू नका. फक्त हिवाळा संपेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरपर्यंत, हा असाच राहू दे."

"शुअर, शुअर!" आमची ही म्हणाली. "कम, टी?"

जॉयसलाही बोलावणं गेलं. तिघी आत गेल्या, दार लागलं. मी मान तसूभर वळवून पाहिलं. बाई नेमक्या माझ्याकडे तोंड करून खिडकीत बसल्या होत्या.

आणि दुसरा कप मागत होत्या!