बिनआवाजाचे रूळ

“बाळाला आवाजावर झोपायची सवय लावू नकोस. पुढे तो आवाज तुलाच पुरवत बसावं लागेल,” असं नणंदेनं बजावलं होतं. नणंदेची दोन्ही पोरं आता तिच्याहून उंच झालेली, म्हणजे सल्ला अनुभवाचा होता. पण टिमकीच्या आईनं तो या कानानं ऐकला आणि त्या कानानं सोडून दिला. तिनं बालसंगोपनावरची तीन जाडजूड पुस्तकं समासात खुणा करकरून वाचली होती! शिवाय हा आवाज काही बाहेरून आणायचा नव्हता. तो घरातच मिळत होता, आणि पुरवणारे सासरे तो हौसेनं पुरवत होते.

सासरे म्हणजे टायपिंगच्या क्लासचे निवृत्त मास्तर. त्यांच्या खोलीत दाराएवढ्या फळीवर एक छोटी रेल्वे होती. दोन स्टेशनं, एक पूल, एक बोगदा आणि सहा डब्यांची गाडी. रूळ जुने, तुकड्यातुकड्यांचे. प्रत्येक सांध्यात फट. गाडी निघाली की खडक-खडक, खडक-खडक असा एकसुरी ठेका लागायचा. खोली हवेशीर म्हणून पाळणाही तिथेच. टिमकी रडायला लागली की तिसऱ्या मजल्यापर्यंत वाजायची, नाव त्यावरूनच पडलेलं. पण गाडीच्या चौथ्या-पाचव्या फेरीला तिच्या पापण्या जड व्हायच्या आणि सातव्या फेरीला विकेट पडायची.

टिमकीची आई विमा कंपनीत अपघाताचे दावे तपासायची. कोण कशावरून घसरलं, कुणाच्या अंगावर कपाट पडलं, हे वाचून वाचून तिला घरात जिकडेतिकडे पुढचा अपघात दिसायचा. सासऱ्यांच्या रेल्वेचीही तिनं रीतसर तपासणी केली होती. नखाएवढे प्रवासी बाळाच्या घशात अडकू शकतात, असा शेरा मारून तिनं सगळ्यांना डबीत बंद केलं होतं. तेव्हापासून दोन्ही स्टेशनं ओस पडली होती. गाडी रिकामी यायची आणि रिकामी जायची.

तिची रजा संपत आली तेव्हा ऑफिसातल्या मॅडमनी फोनवर स्पष्टच सांगितलं, “घरून काम द्यायला माझी ना नाही. पण एकदा तासभर मीटिंग करून दाखव. मागून रडारड ऐकू आली, तर पहिल्या तारखेपासून इथे हजर व्हायचं!”

ऑफिसात हजर व्हायचं म्हणजे टिमकी पाळणाघरात. टिमकीची आई एक पाळणाघर बघून आली होती. तिथल्या भिंतीवर एक प्लग उघडा होता. त्या प्लगनं तिची आठवडाभराची झोप उडवली होती.

पण काळजीचं कारणच नव्हतं! मीटिंग दुपारी, टिमकी झोपते दुपारी, झोप लागते गाडीवर आणि गाडी सासऱ्यांच्या हातात. इतकं फुलप्रूफ नियोजन तिच्या कंपनीतही कुणी केलं नव्हतं. त्याच खुशीत ती टिमकीला घेऊन दोन दिवस माहेरी जाऊन आली. परतली ती मीटिंगच्या दिवशी सकाळी.

“डोळे मीट!” सासरे दारातच म्हणाले.

“काय झालं बाबा? गॅस चालू राहिला का?”

“अगं, चांगली बातमी आहे!”

तिनं एकच डोळा मिटला. दुसरा टिमकीवर ठेवला. खोलीत नेऊन सासऱ्यांनी बटण दाबलं. चकचकीत नव्या रुळांवरून गाडी निघाली, पूल ओलांडला, बोगद्यातून बाहेर आली.

“ऐकलंस?”

“काहीच ऐकू आलं नाही, बाबा.”

“तेच तर!” सासऱ्यांचा चेहरा उजळला. “अखंड रूळ! एकही सांधा नाही, खाली रबराची पट्टी. तीस वर्षं मी कंपन्यांना पत्रं टाइप करतोय, बिनआवाजाचे रूळ काढा म्हणून. शेवटी एकीनं काढले! म्हटलं, पोरगी गाडी बघत झोपते, आपल्या खडखडाटानं तिची झोपमोड नको.”

टिमकीच्या आईनं घाईनं फळीखाली वाकून पाहिलं. “आणि जुने रूळ?”

“भंगारात दिले. काल नेले त्यानं.”

ती हसली. म्हणजे ओठ बाजूला गेले, एवढंच. म्हाताऱ्या माणसानं नातीसाठी, गुडघे दुखत असताना, दोन दिवस वाकून रूळ बसवलेले!

जेवणं झाली आणि टिमकीला पाळण्यात घातलं. गाडी भुतासारखी मुकाट फिरू लागली. टिमकीनं गाडीकडे पाहिलं, आजोबांकडे पाहिलं, मग आईकडे पाहिलं. तिकीट काढूनही जागा न मिळालेल्या माणसाचा चेहरा असतो ना, तसा तिचा चेहरा झाला. आणि मग ती वाजली!

“भूक लागली असेल,” सासरे म्हणाले.

“आत्ताच खाल्लंय.”

“मग पोटात दुखत असेल.”

“बाबा,” ती शक्य तितक्या हळू म्हणाली, “तिला खडखड हवी आहे.”

सासरे इंजिनाकडे बघत राहिले. मग त्यांनी पलंगाखालून आपला जुना टाइपरायटर ओढून काढला. बोटं अजून तयार होती. खडक-खडक, खडक-खडक! टिमकी गप्प झाली. पापण्या मिटायला लागल्या. टिमकीच्या आईनं श्वास रोखला. तेवढ्यात ओळ संपली.

टिंग!

टिमकी ताठ बसली.

“ती घंटी काढता येत नाही का?”

“काढता येते, पण यंत्र सगळं खोलावं लागेल,” असं म्हणत सासऱ्यांनी फोन उचलला आणि कुमक मागवली.

कुमक म्हणजे त्यांच्याच छंदातले दोन मित्र. एक निवृत्त दातांचे डॉक्टर, दुसरे फोटोवाले काका. दोघेही धापा टाकत आले. टिमकीच्या आईनं आधी दोघांचे हात साबणानं धुवून घेतले.

“कंपनीला फोन लाव सूनबाई,” डॉक्टर म्हणाले. “खोक्यावर नंबर असतो.”

तिनं लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती.

“तुमचे नवीन रूळ आवाज करत नाहीत,” टिमकीची आई म्हणाली.

“हो मॅडम, तेच त्यांचं वैशिष्ट्य आहे.”

“मला आवाज करणारे हवे आहेत.”

“आवाज करणारे?” पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. “अशी मागणी आजपर्यंत कुणी केलेली नाही, मॅडम.”

“मी करतेय ना! तासाभरात मिळतील का?”

“जरा इकडे दे,” म्हणत फोटोवाल्या काकांनी फोन घेतला. कंपनीचं माणूस फोनवर जिवंत सापडण्याची ही त्यांची पहिलीच वेळ होती. “हे बघा बाई, तुमचे प्रवासी सगळे उभेच का? बसलेले का नाही काढत? आमच्या डब्यांत बाकडी आहेत हो, बसायला माणूस नाही!”

“आणि बोगदा!” डॉक्टर त्यांच्या खांद्यावरून ओरडले. “डबा आत अडकला की काढायचा कसा? वरून झाकण उघडणारा बोगदा काढा! दाढ काढणं सोपं आहे त्यापेक्षा!”

“सर, एका वेळी एकच तक्रार नोंदवता येते.”

“तक्रार नाही, इच्छा आहेत या! आमचं वय बघता शेवटच्या म्हणा हवं तर!”

मागे टिमकी पूर्ण ताकदीनं वाजत होती. “सर, तिकडे कुणाला लागलंय का?” मुलीनं घाबरून विचारलं आणि फोन तिच्या साहेबांकडे दिला. साहेबांनी सहा आठवड्यांत उत्तर देण्याचं आश्वासन दिलं.

मीटिंगला अर्धा तास उरला. डॉक्टरांनी पिशवीतून आपलं जुनं ड्रिल काढलं.

“रुळाला खाच पाडू. खाच आली की खडखड आलीच.”

“नव्या रुळाला?” सासऱ्यांचा आवाज चिरकला. “तीस वर्षं वाट बघितली मी!”

“दोनच खाचा. दुखणार नाही.”

सासऱ्यांनी रुळाकडे पाहिलं. मग टिमकीकडे पाहिलं. रडून रडून ती लालबुंद झाली होती. “पाड,” ते म्हणाले आणि त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

ड्रिलचा आवाज ऐकून टिमकीनं सूर आणखी वर नेला. खाचा पडल्या. गाडी सोडली. पहिल्या खाचेला इंजिन ठेचकाळलं, दुसऱ्या खाचेला पुलावरून खाली गेलं आणि त्यामागोमाग सहाही डबे शिस्तीत, एकामागोमाग एक, जमिनीवर उतरले. प्रवासी डबीत असल्यामुळे जीवितहानी झाली नाही.

टिमकीच्या आईला रडू फुटायच्या बेतात होतं. तिनं स्वयंपाकघरात जाऊन बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा रिकामा केला, तीन लाकडी चमचे घेतले, त्यांची टोकं बोथट आहेत ना ते बोटानं तपासलं आणि तिघांच्या हातात एकेक दिला.

“हं, वाजवा!”

“पॅसेंजर की मालगाडी?” फोटोवाल्या काकांनी विचारलं.

“अर्थात पॅसेंजर,” डॉक्टर म्हणाले. “मालगाडीवर कोण झोपतं?”

“मी झोपतो. मालगाडीचा ठेका लांबलचक असतो.”

“काका!” टिमकीची आई कळवळून म्हणाली. “काहीही वाजवा. फक्त थांबू नका!”

सासऱ्यांनी मान हलवून ताल दिला. खडक-खडक, खडक-खडक. टिमकीचा सूर खाली आला, हुंदक्यावर आला, मग थांबला. टिमकीच्या आईनं दार हळूच ओढलं आणि ती शेजारच्या खोलीत लॅपटॉपसमोर जाऊन बसली.

मॅडम पडद्यावर आल्या. तिनं दाव्यांचे आकडे सांगायला सुरुवात केली. दोन मिनिटांत मॅडमच्या कपाळावर आठी पडली.

“हा खडखडाट कसला? प्रवासात आहेस का तू?”

“नाही मॅडम, घरीच आहे. गाडी... शेजारी आहे.”

“म्हणजे रुळाला लागून घर? कधी बोलली नाहीस!”

खरं सांगायचं तर डबा, चमचे, ड्रिल, सगळंच सांगावं लागलं असतं. तिनं सरळ पुढचा आकडा सांगितला. मॅडम ऐकत राहिल्या. मधूनमधून खडखडाट ऐकत राहिल्या. बऱ्याच वेळानं म्हणाल्या, “आता मालगाडी लागलेली दिसतेय. ठेका बदलला.”

“हो मॅडम,” ती म्हणाली. मनात म्हणाली, म्हणजे फोटोवाल्या काकांनी आपलंच खरं केलं!

तास संपला तेव्हा मॅडमनी चष्मा काढला. “इथे कुणी स्टेपलर दाबला तरी लोकांचं डोकं दुखतं, आणि तू एवढ्या खडखडाटात आकडे तोंडपाठ सांगतेस. पहिल्या तारखेपासून घरूनच काम कर. आणि त्या बाळाचं खरंच कौतुक आहे हो, एवढ्या गोंगाटात हूं की चूं नाही!”

पडदा बंद झाला. टिमकीची आई खुर्चीतच दोन फूट उडाली. पाळणाघर नको, उघडा प्लग नको! आतून अजून खडक... खडक येतच होतं. केवढे हे म्हातारे! तास उलटून गेला तरी थांबले नाहीत. त्यांना आता फक्कड चहा करून द्यावा, असं ठरवून तिनं दार उघडलं.

फोटोवाले काका खुर्चीत कलंडले होते. डॉक्टरांनी आयुष्यभर जे दुसऱ्यांना सांगितलं, तेच ते आता स्वतः करत होते, आ! सासरे बिस्किटांच्या डब्यावर गाल टेकवून घोरत होते. त्यांचा चमचा टिमकीच्या हातात होता. टक्क जागी असलेली टिमकी पाळण्याच्या कठड्यावर तो आपटत होती, खडक... खडक. थांबली की सासरे चुळबुळायचे. मग ती पुन्हा सुरू करायची.

तेव्हा टिमकीच्या आईचं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. तुमच्याही घरात बाळाला झोपवायला कुणी आत गेलं असेल, तर आतून ठेका कितीही छान चालू असो, एकदा दार ढकलून बघून या. बाळाची काळजी नको, ते मजेत असतं. पण झोपवायला गेलेल्याच्या मानेखाली उशी आहे का, तेवढं बघा.