दोन ते चारचा आलेख

दुपारी दोन ते चार वाचनालय बंद ठेवायचं, असं समितीने जवळजवळ ठरवूनच टाकलं, तेव्हा दुपारीही माणसं येतात म्हणून ग्रंथपालबाईंनी हरकत घेतली. दिवसभरात त्यांचा जीव रमायचा तो याच दोन तासांत. उन्हाचे कवडसे टेबलांवरून सावकाश सरकत, पंखा एका सुरात गुणगुणे आणि सगळी खोली पाण्याखाली गेल्यासारखी निवांत होई.

"आकडे दाखवा, मग बघू," अध्यक्ष म्हणाले. कॉम्प्युटरवर आलेख कसे काढायचे, ते शिकायला बाईंनी भाचीला गाठलं.

चार दिवस कोडशी झटापट करून त्यांनी पहिला आलेख काढला. सात रंग, फुगीर खांब, मागे फुलांचं चित्र.

"मावशी, हा आलेख आहे का गालिचा?"

"छान दिसतोय की!"

"दिसतोय छान. पण सांगतोय काय? कोडची एकेक ओळ खोडत जा. सांगायचंय तेवढंच ठेव."

बाई जिवावर उदार होऊन खोडत सुटल्या. फुलं गेली, सावल्या गेल्या, खांबही गेले. उरल्या दोन रेघा. लाल रेघ भरलेल्या खुर्च्यांची, निळी दिलेल्या पुस्तकांची. दोनच्या ठोक्याला लाल रेघ डोंगर चढली आणि निळी तळाशी आडवी झाली.

"खुर्च्या तेवीस, पुस्तकं शून्य! मावशी, ही माणसं येऊन करतात तरी काय?"

तोंडावर वर्तमानपत्र पांघरून ती माणसं काय करतात, हे बाईंना चांगलं ठाऊक होतं. त्यांची झोपमोड होऊ नये म्हणून त्या स्वतः चपला काढून चालत.

"फुलं परत घालूया का गं?" त्यांनी हळूच विचारलं.

"आता कुठली फुलं! इतका सुरेख जमला म्हणून मी कौतुकाने समितीला पाठवूनसुद्धा दिला."

दुसऱ्या दिवशी सकाळी आलेख सभेच्या भिंतीवर झळकला. समजावून सांगायची गरजच पडली नाही.

"झोपायला येतात लेकाचे!" चिटणीस कडाडले. "आज दोन वाजता मी स्वतः येतो आणि एकेकाच्या तोंडावरचं वर्तमानपत्र ओढून काढतो!"

बाईंनी डोळे मिटून घेतले. मग कुणीतरी खाकरलं.

"त्याची काही गरज नाही," अध्यक्ष छताकडे बघत म्हणाले. "खिडकीजवळचा मी असतो."

"आणि कपाटामागचा मी," उपाध्यक्ष पुटपुटले.

ठराव बारगळला. उठता उठता अध्यक्ष बाईंजवळ आले. "आलेख फार स्पष्ट काढलात हो. पण ती निळी रेघ काही बरी दिसत नाही."

त्या दुपारी दोन वाजता टेबलापाशी रांग लागली. प्रत्येकाने हाताला येईल ते पुस्तक आपल्या नावावर लिहून घेतलं. अध्यक्षांच्या वाट्याला शिवणकामाचं आलं. ते त्यांनी न उघडताच मानेखाली घेतलं.

अडीचला बाईंनी नवा आलेख काढला. दोन्ही रेघा हातात हात घालून डोंगर चढत होत्या. त्यांनी तो भाचीला पाठवला, पडदा अर्धा ओढला आणि जरा वेळ डोळे मिटले.