केटलसनच्या रांगेतून काही हरवत नाही

नव्या आवृत्तीच्या निवेदनातली पाचवी ओळ वाचून ड्वेन केटलसनने कॉफीचा मग असा आदळला, की निम्मी कॉफी टेबलावर सांडली.

"हरवलेली? कुणाची हरवलेली?" तो पडद्यावर बोट रोखून ओरडला. "माझ्याकडे कधी काही हरवलंय?"

खोलीत दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे उत्तर आलं नाही. ड्वेनला उत्तर नकोच होतं. विस्कॉन्सिनमधल्या एका विद्यापीठाच्या गणित विभागात तो एकोणीस वर्षं युनिक्सचे कॉम्प्युटर सांभाळत होता, आणि या एकोणीस वर्षांत त्याने उत्तरं दिली होती, घेतली नव्हती. विभागात छपाईची यंत्रं दोन. व्हरांड्यातलं मोठं, त्याचं नाव वॉलाय, आणि विभागप्रमुखांच्या ऑफिसातलं लहान, त्याचं नाव पर्च. दोन्ही नावं माशांची, दोन्ही ड्वेननेच ठेवलेली. माणसं आपापल्या खोलीतून कागद छापायला पाठवायची, एक प्रोग्रॅम ते सगळे रांगेत उभे करायचा आणि एकेक करून यंत्राकडे सोडायचा. ही रांग म्हणजे ड्वेनचा जीव की प्राण. वॉलायच्या वर भिंतीवर त्याने पाटी लावली होती: 'छापायला पाठवलेला कागद छापून येतोच. आला नसेल, तर तुम्ही पाठवलेला नाही. – डी. केटलसन.'

आणि आता त्याच प्रोग्रॅमची नवी आवृत्ती निघाली होती आणि तिच्या निवेदनात पाचव्या ओळीवर चक्क लिहिलं होतं, की अधेमधे अडकून हरवलेली कामं यापुढे प्रोग्रॅम स्वतः शोधून काढील आणि पुरी करील.

ड्वेनने प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना तिथल्या तिथे पत्र पाठवलं. आमच्याकडे एकही काम कधी हरवलेलं नाही, तुमची ही ओळ म्हणजे मन लावून काम करणाऱ्या माणसांचा अपमान आहे, ती काढून टाका, असं बरंच काही. तासाभरात उत्तर आलं. उत्तर दोन वाक्यांचं होतं. 'बसवून पाहा. काही हरवलं नसेल, तर काही निघणार नाही.'

"असं काय!" ड्वेन म्हणाला.

शुक्रवारी नवीन काही बसवायचं नाही, हा त्याचा स्वतःचाच नियम. शुक्रवारी संध्याकाळी तो बायकोला, आर्डिसला, घेऊन मासे खायला जायचा आणि त्याच्या आड यंत्रांनी आलेलं त्याला खपत नसे. पण अपमान झाला, की माणूस वार बघत नाही. दुपारी दीड वाजता त्याने जुनी आवृत्ती उतरवली आणि नवी चढवली.

दोन वाजता विभागातली पीएच.डी.ची विद्यार्थिनी मिरियम ऑयलर वॉलायपाशी आली. सात वर्षं घासून तिने प्रबंध लिहिला होता आणि तो पाचच्या आत प्रबंध कचेरीत पोचायला हवा होता. तिथे एक बाई पट्टी घेऊन बसायच्या आणि प्रत्येक पानाचा समास मोजायच्या. कागदही साधा चालत नसे. कापसाच्या लगद्याचा, जाड, दुधाळ रंगाचा लागायचा. मिरियमने तो गठ्ठा लेकराला पाळण्यात ठेवावं तसा वॉलायच्या खणात ठेवला, खोलीत जाऊन प्रबंध छापायला सोडला आणि पळत परत आली.

वॉलायमधून कागद बाहेर यायला लागले होते. ते तिचे नव्हते.

"ड्वेन!" तिची किंकाळी व्हरांडाभर गेली. "हे काय येतंय? माझ्या कागदावर कुणाची परीक्षा छापतंय हे?"

ड्वेन सावकाश चालत आला. घाई हे चुकलेल्या माणसाचं लक्षण आहे असं त्याचं मत होतं. त्याने वरचा कागद उचलला. प्रत्येक कामाच्या आधी वॉलाय एक नावाचं पान काढायचा. त्यावर पाठवणाऱ्याचं नाव आणि पाठवल्याची तारीख-वेळ मोठ्या अक्षरांत असे. सगळे ते पान फाडून टोपलीत टाकत, वाचत कुणीच नसे. ड्वेनने वाचलं. पेलेग्रिन, अठरा मे एक्क्याण्णव.

"पेलेग्रिन तर निवृत्त होऊन गेले," मिरियम म्हणाली. "अ‍ॅरिझोनात राहतात ते."

"कुणीतरी चेष्टा केलीय," ड्वेन म्हणाला.

"परीक्षेच्या दिवशी पेपर आला नाही म्हणून त्यांनी सगळे प्रश्न फळ्यावर लिहून काढले होते. लोक अजून सांगतात. आणि तुम्ही त्यांना म्हणाला होतात, की पाठवायला विसरला असाल!"

ड्वेनने नावाचं पान फाडून टोपलीत टाकलं. वॉलायने खाकरून पुढचं काम घेतलं.

आवाज ऐकून ऑफिसमधून लॉरेन फाफ बाहेर आली. विभागाची सगळी लिखापढी सव्वीस वर्षं तिच्या हाती होती, आणि दर वसंतात व्हरांड्यात कोण का रडतंय हे तिला न बघता कळायचं. पण आज तिची नजर गेली ती वॉलायमधून नुकत्याच आलेल्या कागदावर. तिने तो उचलला आणि तिचा चेहरा हळूहळू लाल होत गेला.

"ड्वेन," ती म्हणाली, "हे वाच."

'शुक्रवारी दुपारी सर्वांनी एकत्र जेवायचं आहे. आपापला पदार्थ आणावा. मी हॉटडिश आणते. – लॉरेन.' नावाच्या पानावर त्र्याण्णवचा ऑक्टोबर होता.

"बरं मग?" ड्वेन म्हणाला.

"बरं मग? पंचवीस प्रती सोडल्या होत्या मी! प्रत्येकाच्या कप्प्यात टाकायला! एकही आली नाही. मला वाटलं, तू टाकल्यास कप्प्यांत. शुक्रवारी मी दोन मोठी भांडी भरून बटाटे-मांसाची हॉटडिश भाजून आणली आणि खोलीत एकटी बसले. एकटी! आठवडाभर ती हॉटडिश खात होते मी. बटाट्याचं नाव काढलं तरी मळमळायचं."

"तू तेव्हा चुकीचं बटण..."

"हेच! हेच म्हणाला होतास! 'चुकीचं बटण दाबलं असशील, लॉरेन.' साडेचार वर्षं मी ते बटण शोधतेय!"

वॉलाय प्रती काढत राहिला. तीन, चार, पाच. दुधाळ कागदावर निमंत्रण दिसायला मात्र फार सुरेख दिसत होतं.

"बंद करा ना ते!" मिरियम रडकुंडीला आली. "माझा कागद संपत आला!"

ड्वेनने खोलीत जाऊन रांग थांबवली आणि पुन्हा सुरू केली. नवी आवृत्ती भलतीच इमानदार निघाली. काम अर्धवट राहिलं असेल, तर काही हरवू नये म्हणून ती सगळी रांग पहिल्यापासून सुरू करायची. पेलेग्रिनसाहेबांचा पेपर पुन्हा यायला लागला. ड्वेनने पडद्यावर रांग उघडून पाहिली. मिरियमच्या आधी त्रेचाळीस कामं होती. विभागात नवा कॉम्प्युटर आला, की तो जुन्यातलं सगळं नव्यात उतरवून घ्यायचा, कणही टाकायचा नाही. या गोष्टीचा त्याला फार अभिमान होता. या त्रेचाळीस जणांना त्याने स्वतःच्या हातांनी तीन कॉम्प्युटरांमधून सांभाळत आणलं होतं.

व्हरांड्यात आता गर्दी झाली होती. जो तो कागदांत आपलं नाव शोधत होता. "माझं शिफारसपत्र!" "अरे, हा तर माझा रजेचा अर्ज! मी न सांगता गेलो म्हणून मला बोलणी बसली होती!" एक वयस्कर प्रोफेसर हातात पान धरून नुसते ड्वेनकडे बघत उभे होते, आणि ते बघणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं.

"आधी या पोरीचं बघा," लॉरेन म्हणाली. तिने कपाटातून तसल्याच जाड कागदाचा एक गठ्ठा काढला. "ड्वेन, हिचं काम पर्चकडे पाठव. तो महिनाभर बंदच आहे, तिथे रांग नाही."

विभागप्रमुख प्रोफेसर थेयर गर्दीमागे उभे होते. ते विभागात नवे होते आणि कुणाच्या तरी उपयोगी पडायची संधी शोधत असत. "द्या, मी कागद घालतो आणि सुरू करतो त्याला," असं म्हणून ते गठ्ठा घेऊन ऑफिसात गेले.

ड्वेनने मिरियमचं काम पर्चकडे वळवलं. तीन वाजले होते. तीनशे पानं, पर्च हळू चालतो, पण पाचच्या आत होईल. त्याने घाम पुसला. आणि मग हात तसाच कपाळावर राहिला.

पर्चकडे त्याने स्वतः आयुष्यात एकच कागद पाठवला होता. नव्वद साली. तेव्हाच्या विभागप्रमुखांनी त्याची खिडकीची खोली काढून घेतली होती आणि तिथे झेरॉक्सचं यंत्र ठेवलं होतं. ड्वेनने रागाच्या भरात राजीनामा लिहिला आणि तो साहेबांच्या खुर्चीशेजारीच गरमागरम निघावा म्हणून सरळ पर्चवर सोडला. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी साहेब व्हरांड्यात भेटले आणि म्हणाले, "काय ड्वेन, तुझ्याशिवाय आमचं कसं व्हायचं!" ड्वेन काय ते समजला. साहेबांनी राजीनामा फाडून टाकला होता. आपल्यावाचून विभाग चालत नाही, ही गोष्ट त्याने आठ वर्षं दर शुक्रवारी मासे खाताना आर्डिसला सांगितली होती. बिनखिडकीच्या खोलीत तो आठ वर्षं बसला, तो या एका गोष्टीच्या जोरावर.

एकोणीस वर्षांत पहिल्यांदा ड्वेन केटलसन व्हरांड्यातून पळाला.

प्रोफेसर थेयर पर्चशेजारी उभे होते. हातात एकच कागद, जाड, दुधाळ. मागे मिरियमचा प्रबंध शिस्तीत निघत होता.

"ड्वेन," ते हळव्या आवाजात म्हणाले, "असं करायला नको होतं तुम्ही."

"साहेब, ते..."

"'जिथे माझ्या कामाची कदर नाही, तिथे मी आज पाचनंतर थांबणार नाही.' चुकलंच आमचं. आज बाहेर लोक तुम्हाला काय काय बोलले, ते मी ऐकलं. तुम्ही सगळी जबाबदारी स्वतःवर घेताय. तेही इतक्या चांगल्या कागदावर. असा माणूस मी पाहिला नाही."

"साहेब, ते आजचं नाही."

"मन मोडायचं नाही मला तुमचं. हे बघा, मंजूर म्हणून सही केलीय मी."

खाली खरंच सही होती.  मागे दारात लॉरेन, मिरियम आणि निम्मा व्हरांडा जमला होता.

"हे पत्र आठ वर्षांपूर्वीचं आहे!" ड्वेन ओरडला.

थेयरसाहेबांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं. "यावर तारीख नाही."

"तारीख नावाच्या पानावर असते! ते कुठाय?"

"ते टाकलं मी. सगळे टाकतात ना?" साहेबांनी भोवती पाहिलं. टोपली रिकामी होती. "आणि आठ वर्षांपूर्वी पाठवलंत, तर मग आठ वर्षं हे होतं कुठे?"

ड्वेनने रिकामी टोपली उचलून उपडी केली.  भिंतीवरच्या घड्याळात सव्वातीन झाले होते.

"पान माझ्याकडे आहे," दारातून लॉरेन म्हणाली. तिने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि दोन बोटांत धरला. "केटलसन, सात सप्टेंबर नव्वद. मघाशी कागद नीट बसलाय का बघायला आले, तेव्हा टोपलीतून काढलं मी. देते मी साहेबांना. पण साहेबांनी तुला काहीतरी विचारलंय. आठ वर्षं हे होतं कुठे?"

"लॉरेन, प्लीज."

"पाठवलं नसशील तू. चुकीचं बटण दाबलं असशील."

मागे कुणीतरी खुसकन हसलं. ड्वेनने एकदा मिरियमकडे पाहिलं, एकदा त्या वयस्कर प्रोफेसरांकडे. ते अजून आपलं पान हातात धरून होते.

"मी पाठवलं होतं," तो खाली बघत म्हणाला. "बरोबर बटण दाबून पाठवलं होतं. रांगेत हरवलं."

"मोठ्यानं बोल. मागे ऐकू येत नाहीये."

"रांगेत हरवलं! माझ्या रांगेत! तुमचंही हरवलं, पेलेग्रिनचंही हरवलं, सगळ्यांचं हरवलं! तुमची चूक नव्हती, माझी होती! झालं समाधान?"

"झालं," लॉरेन म्हणाली आणि तिने पान साहेबांना दिलं.

थेयरसाहेबांनी तारीख वाचली, पत्र पाहिलं, स्वतःची सही पाहिली आणि जरा हिरमुसले. मग त्यांनी लॉरेनकडे वळून विचारलं, "यांच्याशिवाय आपलं चालेल का?"

लॉरेनने इतका वेळ विचार केला, की तेवढ्यात पर्चने आणखी दोन पानं काढली.

"यंत्रांचं चालेल," ती शेवटी म्हणाली. "पण सोमवारी आम्ही सगळे एकत्र जेवणार आहोत आणि हॉटडिश हा आणणार आहे. दोन भांडी. तेव्हा राहू द्या."

साहेबांनी पत्र फाडून टाकलं. मिरियमचं शेवटचं पान साडेचारला निघालं आणि ती गठ्ठा छातीशी धरून जी धावली, ती मागे वळून बघायला थांबली नाही. लॉरेनने भिंतीवरच्या पाटीवर त्र्याण्णव सालचं निमंत्रण चिकटवलं, त्यातलं 'शुक्रवारी' खोडून 'सोमवारी' घातलं आणि 'मी' खोडून 'ड्वेन' लिहिलं.

संध्याकाळी मासे आले तरी ड्वेन हातरुमालाच्या घड्याच घालत बसला होता. आर्डिसने लिंबू पिळलं, कोबीची वाटी त्याच्याकडे सरकवली आणि शेवटी विचारलं, "काय झालं रे?"

"साहेबांनी माझा राजीनामा फाडला," ड्वेन म्हणाला.

"माहितीये की. शंभरदा सांगितलंयस."

"तसं नाही. आज फाडला."

आर्डिसने हातातला काटा-चमचा खाली ठेवला.

"मग नव्वद साली काय झालं होतं?"

ड्वेनने तळलेल्या माशाचा मोठा तुकडा तोंडात घातला आणि तो बराच वेळ चावत राहिला.