केणी सिस्टरांचं निरंक

सोमवारी सकाळी दहाला माझ्या दवाखान्यातला फोन वाजला की आमची वैशाली तो उचलत नाही. एरवी पेशंटचे नंबर लावण्यापासून इंजेक्शन देण्यापर्यंत सगळं तीच बघते, पण हा फोन ती तसाच माझ्यापुढे सरकवते. पलीकडून हॅलो नाही, नमस्कार नाही.

"वर्तकनगर. ताप, जुलाब, कावीळ, गोवर, कुत्रं चावलेलं. पेन घेतलंय मी. बोला."

या केणी सिस्टर. आमच्या भागातल्या आरोग्य केंद्रावरच्या नर्स. वर्तकनगरपासून खोपटपर्यंतचे आम्ही सगळे फॅमिली डॉक्टर त्यांच्या वहीत आहोत. गेल्या आठवड्यात कुठल्या आजाराचे किती पेशंट आले ते आम्ही सांगायचं, त्यांनी लिहून वरच्या ऑफिसला पाठवायचं आणि उलट आजूबाजूला कशाची साथ डोकावतेय ते आम्हाला कळवायचं, अशी ही पद्धत. आणि सांगण्यासारखं काहीच नसेल तर 'निरंक' म्हणायचं. शब्द सरकारी कागदावरचा. मी पहिल्या सोमवारी "काही नाही हो सिस्टर" असं म्हणालो तर त्या म्हणाल्या, की काही नाही असा रकाना माझ्याकडे नाही, निरंक म्हणा. मी म्हणालो. लगेच पुढचा प्रश्न आला, जो मी तेव्हापासून दर सोमवारी ऐकत आलोय.

"बघितलं का?"

म्हणजे केसपेपर चाळून सांगताय की तोंडाला येईल ते सांगताय. त्यांच्या वहीत आकडा निळ्या शाईने, निरंकचा 'नि.' निळ्या शाईने आणि ज्याने फोन उचलला नाही त्याच्यापुढे लाल शाईने 'उत्तर नाही'. लाल शाईचा त्यांना मनस्वी तिटकारा. निरंक म्हणजे बघितलं आणि नव्हतं, गप्प बसणं म्हणजे बघितलंच नाही, आणि या दोन्हींना एकच समजणारा माणूस डॉक्टर कसा झाला, असं त्या शांतपणे विचारायच्या. हे मला उद्देशूनच असायचं.

खोपटचे डॉक्टर सामंत एकदा सहकुटुंब महाबळेश्वरला गेलेले. सोमवारी दहा वाजता ते घोड्यावर होते. मोबाइल वाजला. दवाखाना बंद आहे, निरंक लिहून टाका, असं ते म्हणाले. सिस्टरांनी ऐकवलं, की दवाखाना बंद आहे, खोपटचा ताप चालू आहे, तुमचे पेशंट सध्या कुणाकडे जातात ते सांगा. सामंतांनी घोड्यावरून तीन डॉक्टरांची नावं सांगितली. घोडेवाल्याला वाटलं, साहेब कुणाला तरी अटक करवतायत. हे सामंत स्वतःच सगळ्यांना सांगतात.

वैशालीच्या लग्नात सिस्टर आल्या त्या आधी आचाऱ्याकडे गेल्या आणि पाणी कुठून भरलं ते विचारून मग वधूवरांकडे. आमच्या सोसायटीच्या वॉचमनला येता-जाता "डास?" असा एकाच शब्दाचा सवाल. तोही आता उठून उभा राहतो आणि "निरंक, सिस्टर," म्हणतो. मात्र त्याला "बघितलं का?" विचारलं की बिचारा गच्चीवरच्या टाकीकडे निघतो.

आणि त्यांना स्वतःला कुणी "काय सिस्टर, कसं काय?" विचारलं, तर त्या न थांबता "निरंक" म्हणून पुढे जायच्या. त्यात काही खटकण्यासारखं आहे हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

मी एकदाच त्यांना फसवायला गेलो. सकाळपासून पेशंट संपत नव्हते, वैतागलो होतो, आणि दहाच्या फोनवर न बघता निरंक ठोकून दिलं. "बघितलं का?" "हो हो." अर्ध्या तासात सिस्टर रिक्षातून उतरल्या. पंच्याहत्तर पेशंट बसलेत अशा थाटात मी मान वर केली नाही. त्यांनी वैशालीच्या शेजारी खुर्ची ओढली, आठवड्याचे केसपेपर काढले आणि एकेक उलटू लागल्या. त्यातले तीन माझ्या टेबलावर ओळीने मांडले. तिघांनाही उलट्या आणि अंगात कणकण, तिघांनाही मी पित्ताच्या गोळ्या दिलेल्या, आणि तिघांचाही पत्ता एकाच इमारतीचा.

"डोळे बघितले का यांचे?" त्या म्हणाल्या.

मी बघितले नव्हते. त्याच संध्याकाळी तिघांना बोलावलं, डोळे पिवळे होते. सिस्टरांनी इमारतीची टाकी उघडायला लावली, आणि त्यात काय होतं ते मी इथे लिहीत नाही, लोक जेवायच्या आधीही वाचतात. टाकी धुतली गेली आणि कावीळ त्या इमारतीबाहेर गेली नाही. पुढच्या सोमवारी त्यांनी याचा एका शब्दानेही उल्लेख केला नाही. मला मात्र लाज वाटली, आणि तेव्हापासून मी रविवारीच केसपेपर घेऊन बसतो.

या वर्षी सिस्टर निवृत्त व्हायच्या होत्या. तेव्हाच असंही ठरलं की आता फोन बंद, प्रत्येक दवाखान्याने मोबाइलवर फॉर्म भरायचा. सोय उत्तम आहे. पाच चौकोन, पाच शून्यं, झालं. मी वैशालीला म्हणालोही, की चला, सुटलो. ती हसली नाही. तिने विचारलं, "आणि सर, सिस्टर सोमवारी काय करणार?" त्या कळव्यात एकट्या राहतात एवढंच मला ठाऊक होतं. इतक्या वर्षांत मी त्यांना आजारांखेरीज काहीही विचारलेलं नव्हतं.

मग एका रविवारी वैशाली आणि मी शाल आणि पेढे घेऊन कळव्याला गेलो. दोन खोल्यांचं नेटकं घर. दाराशी कुंडीत अळू, कुंडीखाली बशी नाही, कारण बशीत पाणी साठतं. त्यांनी चहा टाकला. मला भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं. दर रविवारच्या चौकोनात निळ्या शाईने 'नि.' लिहिलेलं. मागचा महिना उलटला, तिथेही तसंच.

हा कोणता दवाखाना, असं मी गमतीत विचारलं. त्यांनी चहा गाळता गाळता सांगितलं. मुलगा मंदार बंगळूरला असतो. गेला तेव्हा त्याला बजावलं होतं, की रोज फोन कर असं मी म्हणत नाही, तुला कामं असतात. दर रविवारी एक अहवाल दे. सांगण्यासारखं नसेल तर निरंक कळव, पण गप्प बसू नकोस. मुलगा आईच्या शिस्तीतला. तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी सातला मेसेज येतो, 'निरंक'. त्यांनी मोबाइल पुढे केला. वरपासून खालपर्यंत तोच एक शब्द होता.

"एकही लाल नाही," त्या म्हणाल्या. आवाजात अभिमान होता, तो खराही होता. मग कप आमच्या हातात देऊन त्या जरा वेळ उभ्याच राहिल्या.

"पण डॉक्टर, तो बघून सांगतो की नुसतं सांगतो, कसं कळणार? तिथे रिक्षा करून जाता येत नाही."

वैशालीने माझ्याकडे बघितलं. मी चहाकडे बघितलं. मला वाईट वाटलं, आणि मी चहा छान झालाय असं म्हणालो. त्यांनी लगेच पाणी पूर्ण उकळल्याचं सांगितलं.

पुढच्या महिन्यातला पहिला सोमवार आला. दहा वाजले, फोन वाजला नाही. मी मोबाइलवर फॉर्म भरला. पाच शून्यं, अर्ध्या मिनिटात. कुणी काही विचारलं नाही. बाहेर पेशंट बसलेले होते आणि मी उगाच फोनकडे बघत होतो. सांगायला हरकत नाही, मला त्या बाईची आठवण येत होती. शेवटी वैशालीने फोन माझ्यापुढे सरकवला, नेहमीसारखा. मी कळव्याचा नंबर लावला.

"केणी सिस्टर, कळवा," मी म्हणालो. "पेन घेतलंय मी. बोला."

ठरलेलं उत्तर आलं.

"निरंक."

"बघितलं का?"

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला. वैशाली दारात उभी राहून ऐकत होती, आणि पहिला पेशंट तिच्या मागे.

"थांबा," सिस्टर म्हणाल्या. "बघून सांगते."

आणि त्यांनी सांगायला सुरुवात केली. उजवा गुडघा जिना चढताना धरतो, दोन आठवडे झाले. सकाळी पाचला जाग येते आणि डबा भरायचा नाही हे ओट्यापाशी गेल्यावर आठवतं. भाजी एकटीपुरती करता येत नाही, दर वेळी उरते. मी लेटरहेडच्या मागे लिहीत होतो. मग त्या म्हणाल्या,

"नात बोलायला लागलीय. मला सूनबाईच्या बहिणीकडून कळलं. त्या रविवारीही निरंकच आलेलं."

मी तेही लिहिलं. मग म्हणालो, "सिस्टर, ही चूक त्याच्या रिपोर्टिंगची आहे. आज फोन लावा आणि विचारा त्याला, बघितलं का म्हणून."

"चिडेल."

"मीही चिडायचो."

त्या हसल्या. मी त्यांना हसताना पहिल्यांदाच ऐकत होतो.

"लिहा," त्या म्हणाल्या. "मंदारला फोन, आज संध्याकाळी. बाकी निरंक. आणि डॉक्टर, पुढच्या सोमवारी दहाला करा. आज सव्वादहा झालेत."