पारसभाऊंचं सुती विमान

दिव्यावर किडे येऊन मरतात म्हणून जो माणूस सूर्य मावळल्यावर दिवा लावत नाही, त्यानं महायुद्धातलं विमान दुरुस्त करून पुन्हा आकाशात उडवावं का? तुम्हीच सांगा.

मी हा प्रश्न पारसभाऊंना त्यांच्याच दुकानात, गिऱ्हाइकांसमोर विचारला होता. धुळ्यात आग्रा रोडला त्यांचं कापडाचं दुकान आहे आणि त्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही राहतो. मी सभा-मोर्च्यांची पत्रकं लिहिते, म्हणून भाऊ मला नावानं हाक मारत नाहीत. "काय पत्रकवाली, आज कोणाचा निषेध?" असं विचारतात.

त्या दिवशी मी म्हटलं, "आज तुमचाच. इंग्रजांनी आपली पोरं ज्या युद्धात नेऊन मारली, त्यातलं यंत्र तुम्ही तेलपाणी करून उडवायला निघालात."

भाऊ एका बाईंसाठी मांजरपाट मोजत होते. मोजणं न थांबवता म्हणाले, "शिकाऊ विमान आहे ते. पोरं त्यात बसून नुसतं उडायला शिकली. त्याला बंदूकच नव्हती."

"आणि शिकून काय केलं त्यांनी? वरून खिचडी वाटली?"

मांजरपाटवाल्या बाई हसल्या. भाऊंनी दातरी कात्रीनं टोक कापलं, टर्रकन कापड फाडलं आणि घडी घालत म्हणाले, "तुझं म्हणणं बरं दिसतंय. धुतल्यावर बघू."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कापडाचा खरा रंग पहिल्या धुण्यात कळतो, हा धंद्यातला नियम त्यांनी साऱ्या जगाला लावून टाकला होता. नवा आमदार आला, धुतल्यावर बघू. पुतण्यानं मुलगी पसंत केली, धुतल्यावर बघू. माणसांच्याही त्यांच्याकडे जाती होत्या, पण कापडाच्या: हा सुती, तो टेरिकॉट, तो तिसरा नुसती खळ. मी कोण, असं विचारल्यावर त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळून सांगितलं, "कोरी खादी. टोचतेस. पण धुऊन धुऊन मऊ होशील."

विमान त्यांना जामनेरला सापडलं, एका बंद पडलेल्या जिनिंगच्या गोदामात. युद्ध संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेल्या मालात ते कुणीतरी घेतलं होतं आणि सुटं करून सरकीच्या पोत्यांमागे ठेवून दिलं होतं. एकावर एक असे दोन पंख, लाकडी सांगाडा, पुढेमागे दोन उघड्या जागा. अंगावरचं कापड उंदरांनी खाल्लेलं. दुसरा कुणी असता तर इंजिन बघायला धावला असता. भाऊंनी कापडाची उरलेली एक चिंधी चिमटीत धरली, उन्हात नेली, ताणा-बाणा बघितला आणि म्हणाले, "सुती आहे. आपलंच काम."

धावपट्टीजवळ त्यांनी एक शेड भाड्यानं घेतली. इंजिन बेंगळुरूला दुरुस्तीला गेलं. लाकूडकामाला शिरपूरकडचे रघुनाना सुतार आले. आणि मग सुरू झालं युद्धातल्या विमानाचं शुद्धीकरण. बरगड्या चिकटवायला सरस नको, कारण त्यात जनावरांची हाडं. कातडी गादी नको, त्याऐवजी किंतान. कापड शिवायच्या दोऱ्याला मेण लावतात, तर ते मधमाश्यांचं नको. प्रत्येक वस्तूला पर्याय शोधायचा, मग तपासणीला येणाऱ्या सरकारी साहेबांना तो पटवायचा. कापड ताणून घट्ट बसावं म्हणून त्यावर एक रसायन फासतात, त्याला पिकल्या केळीसारखा गोड वास येतो. ओल्या रसायनावर पावसाळ्यात किडे चिकटतात. म्हणून चातुर्मासात काम बंद. बाकीच्या दिवसांतही ऊन उतरलं की शेडला कुलूप.

रघुनाना वैतागायचे. एकदा पंखावर कापड चढवलेलं बघून ते म्हणाले, "भाऊ, हाई इमान नही शे, मांडव शे. लगीन कोनं शे तेवढं सांगा."

एरवी भाऊंनी त्यांना काहीतरी टोला दिला असता. त्या दिवशी ते नुसतेच पंखावरून हात फिरवत राहिले. रघुनानांनी जीभ चावली. भाऊंच्या मुलीचं लग्न होणार नव्हतं, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं.

ती त्यांची एकुलती एक, निधी. माझ्याहून थोडी मोठी. कॉलेज संपल्यावर तिनं दीक्षा घेतली. नाव गेलं, केस गेले, घर गेलं. आता ती दुसऱ्या एका नावाची साध्वी आहे, अनवाणी गावोगाव फिरते, कुठल्याही वाहनात बसत नाही. मला या प्रकाराचा तेव्हा फार राग आला होता आणि मी भाऊंना विचारलंही होतं, "तुम्ही अडवलं का नाही?"

"आईबापांनी हो म्हटल्याशिवाय दीक्षा होत नाही," ते म्हणाले. "तिनं विचारलं. मी हो म्हटलं." यावर पत्रक कसं लिहायचं, ते मला अजून कळलेलं नाही.

विमान आणि निधी यांचा काही संबंध असेल असं मात्र आमच्यापैकी कुणालाच वाटलं नव्हतं. म्हाताऱ्याची हौस, एवढंच आम्ही समजत होतो. विमान पुरं होत आलं त्या वर्षी निधीच्या साध्वी-संघाचा चातुर्मासाचा मुक्काम जळगावला होता. कार्तिकी पौर्णिमेनंतर साध्वी पारोळ्यावरून चालत धुळ्याला यायच्या होत्या. दिवाळी झाली आणि भाऊंची घाई सुरू झाली. इंजिन बसलं. साहेब येऊन तपासून गेले, उड्डाणाची परवानगी मिळाली. उडवायला एक निवृत्त कॅप्टन तयार झाले. भाऊ दुकानात गिऱ्हाइकाला हिरव्याऐवजी निळं कापड देऊ लागले.

मी विचारलं, "एवढी कसली घाई?"

भाऊंनी गल्ल्याकडे बघत सांगितलं, "जळगावला मी दर्शनाला जातो. रांगेत बसतो. ती सगळ्यांना धर्मलाभ म्हणते, मलाही म्हणते. तिथं मी इतरांसारखाच एक श्रावक. पायाला फोड आलाय का, वाळली किती, असं बापासारखं टक लावून बघता येत नाही. बरं दिसत नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वरून बघितलं तर कोणाला कळणार आहे? आणि आवाज ऐकून तीही बघेल की वर. लहानपणी घरावरून विमान गेलं तर ताटावरून उठून गच्चीत पळायची."

म्हणजे इतकी वर्षं तो पंख, ते टाके, तो केळीचा वास, सगळं एवढ्यासाठी होतं. 

ज्या सकाळी साध्वी पारोळा रस्त्यावरच्या मुकटीहून निघणार होत्या, त्या सकाळी आम्ही धावपट्टीवर होतो. भाऊंच्या बायकोनं, आमच्या भाभींनी, त्यांच्या कानटोपीची गाठ बांधली आणि म्हणाल्या, "वाकून बघू नका जास्त." उजाडल्यावर कॅप्टननी इंजिन सुरू केलं. रघुनाना डोळे मिटून उभे होते. विमान धावलं, उड्या मारत धावलं, आणि जमीन सुटली. खरंच उडालं. सकाळच्या उन्हात पंखांचं कापड पिवळं दिसत होतं, आणि मी, जिला हे यंत्र मोडीत जायला हवं होतं, ती इतरांसारखीच टाळ्या वाजवत होते.

ते लवकरच परत आले. कॅप्टन खाली उतरून आम्हाला म्हणाले, "सुरेख चाललंय. रस्त्यावरून दोन चकरा मारल्या. तिसरी भाऊंनीच नको म्हटली."

भाऊ आपल्या जागेवर बसून होते. भाभींनी विचारलं, "दिसली?"

"सगळ्याच दिसल्या. पांढऱ्या. मुंडण केलेल्या. एकसारख्या." ते चष्म्याचा पट्टा सोडवू लागले, तो सुटेना. "त्यातली आपली कोणती, ते नाही कळलं."

पट्ट्याशी झटतच ते पुढे म्हणाले, "एकीनंही वर बघितलं नाही. चालताना नजर पायापुढच्या जमिनीवर ठेवायची असते, मुंगी चिरडू नये म्हणून. नियमच आहे तो." पट्टा तसाच ठेवून म्हणाले, "बोट धरून मंदिरात न्यायचो तेव्हा मीच शिकवला होता तिला. आणि माझ्याच ध्यानात राहिला नाही."

भाभींनी वर चढून पट्टा सोडवला. विमान शेडमध्ये गेलं. चांगलं आहे ते, कॅप्टन अधूनमधून उडवतात. भाऊ त्यात पुन्हा बसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही, म्हणून मी भाभींना विचारायला गेले. भाऊ पहिल्या बसनं फागण्याला, साध्वींच्या रात्रीच्या मुक्कामाच्या गावी, गेले होते. तिथून साध्वींच्या मागे, बऱ्याच अंतरावर, चालत धुळ्याला आले. संध्याकाळी ओट्यावर पाय कोमट पाण्यात सोडून बसले होते. तळव्यांना फोड होते.

"बोलली का काही?" मी विचारलं.

"तिला माहीतच नाही. ती मागे वळून बघत नाही." ते पाण्यात बोटं हलवत होते. "पण चालीवरून ओळखली. डावा पाय जरा ओढते. आमच्या आईसारखा."

तेव्हापासून संघ खानदेशात असला की भाऊंचं दुकान भाभी सांभाळतात. थंडी पडली की साध्वी शिरपूरकडे निघतील. त्या महामार्गावर सकाळी ट्रक कसे चालतात ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि अनवाणी चालणाऱ्या माणसासाठी तिथे कुणी वीतभर जागा सोडलेली नाही, यावर माझी पुष्कळ पत्रकं लिहून झाली आहेत. आता तुम्हाला सरळ मागते. त्या रस्त्यानं जाताना कडेला साध्वींची ओळ दिसली तर वेग कमी करा. त्यांच्या बऱ्याच मागे, चपला हातात घेतलेला एक टकला गृहस्थ दिसेल. त्याला गाडीत बसा म्हणू नका, तो बसणार नाही. फक्त तुमची गाडी थोडा वेळ त्याच्या मागे, त्याच्या चालीनं चालवा, म्हणजे मागून येणाऱ्या ट्रकना तुमच्यासाठी तरी हळू व्हावं लागेल.